तक्रार केली तर घरी कळतं का? धाराशिवच्या कॉलेजांमधल्या मुलींसाठी नियम काय सांगतात

बारावी झाली की धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींची एक सवलत आपोआप संपते. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो. बीए, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की तो पास बंद. मग विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढायचा, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग खिशातून भरायचा. ऐकायला रक्कम मोठी वाटत नाही. पण घरात दोन-तीन लेकरं शिकत असतील आणि त्या वर्षी सोयाबीनला भाव नसेल, तर "रोज कशाला जातीस, परीक्षेपुरती जा की" हे वाक्य नेमकं इथंच ऐकू येतं.

म्हणून या जिल्ह्यात कॉलेजातल्या मुलींसाठीच्या कुठल्याही सोयीकडे बघताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: यामुळे ती उद्याही कॉलेजला येऊ शकेल का? खर्च वाढला, स्थळ आलं, रस्त्यात कुणी छेड काढल्याचं घरी कळलं, की सगळ्यात आधी बंद होतं ते तिचं कॉलेज. छेड काढणाऱ्याचं सहसा सुरूच राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के महिलांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालं होतं. परभणीसारख्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत हा आकडा त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे. ज्या भागात ही परिस्थिती, तिथं तक्रार करायची म्हणजे आपलं शिक्षण पणाला लावायचं, असं मुलींना वाटलं तर नवल नाही.

गंमत म्हणजे ही भीती नियम करणाऱ्यांच्या डोक्यात होती. त्यावरची तरतूदही नियमांत आहे. फक्त ती मुलींपर्यंत पोहोचत नाही.

आधी हे बघा: तुमचं कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं?

जिल्ह्यातली बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयं, मग ते धाराशिवचं रामकृष्ण परमहंस असो, कळंबचं मोहेकर असो किंवा उमरग्याचं श्री छत्रपती शिवाजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवर. धाराशिवला २००४ पासून उपपरिसर आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे 'टिस'चं, १९८६ पासून चालत आलेलं ग्रामीण संकुल आहे. ते स्वतंत्र अभिमत विद्यापीठ असल्यानं त्यांची यंत्रणा वेगळी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं.

हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण कॉलेजात काम झालं नाही तर वरचा दरवाजा कुठला हे त्यावर ठरतं. पण लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी संभाजीनगर गाठायची गरज नाही. ती समिती तुमच्याच कॉलेजात असायला हवी, मग ते सरकारी असो, अनुदानित असो की विनाअनुदानित.

'विशाखा समिती' म्हणजे नेमकं कोण?

कॉलेजात सगळे तिला विशाखा समिती म्हणतात. हे नाव आलं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालावरून. त्या खटल्याच्या मुळाशी होत्या राजस्थानातल्या भंवरी देवी. त्या सरकारी योजनेतल्या 'साथिन' म्हणून गावात काम करायच्या. एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आज कॉलेजच्या फलकावर जे नाव दिसतं, त्याची सुरुवात एका बालविवाहाला केलेल्या विरोधातून झाली आहे. मराठवाड्यात तरी हे मुलींना सांगायला हवं.

त्यानंतर २०१३ चा कायदा आला आणि कॉलेज-विद्यापीठांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१५ चे नियम आले. ते २०१६ मध्ये अधिसूचित झाले. या नियमांत समितीचं नाव 'अंतर्गत तक्रार समिती' असं आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापकच असली पाहिजे. सोबत दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेची एक व्यक्ती. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीत बसू शकत नाहीत.

आणि ज्या प्रकरणात विद्यार्थी आहेत, तिथं तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. तेही पारदर्शक निवडणुकीनं निवडलेले. सरांनी हजेरीपटावर बघून नेमलेले चालत नाहीत. तुमच्या कॉलेजात हे तीन जण कोण, एवढा एक प्रश्न ऑफिसात विचारून बघा. मिळणाऱ्या उत्तरावरून समिती खरोखर चालते की फक्त नॅकच्या फाइलपुरती आहे, याचा अंदाज येतो. समितीच नेमली नसेल तर कायद्यात ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

फक्त कॉलेजच्या आवारातलंच चालतं का?

नाही. यूजीसीच्या नियमांत 'परिसर' या शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, युवक महोत्सव, क्रीडा स्पर्धा, शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, फील्डवर्क, कॉलेजनं दिलेली बस हे सगळं त्यात येतं. तुळजापूरच्या 'टिस'सारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलींचा बराच वेळ गावांतल्या क्षेत्रकार्यात जातो. त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

एसटी मात्र कॉलेजची नाही. बसमध्ये किंवा स्टँडवर अनोळखी माणसानं त्रास दिला तर तिथं ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक. जिल्हा कितीही छोटा असला तरी हे दोन्ही चोवीस तास लागतात.

मग घरी कळतं का?

मुलगी अठरा वर्षांची झाली असेल तर तक्रारीवर सही तिची. पालकांची संमती किंवा सही नियमांत कुठंही मागितलेली नाही. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. "आधी वडिलांना घेऊन ये, मग बघू" असं कुणी म्हणालं तर ते नियमांतलं नाही, त्या माणसाचं स्वतःचं आहे.

अकरावी-बारावीचं वेगळं आहे. जिल्ह्यातल्या बऱ्याच कॉलेजांत कनिष्ठ आणि वरिष्ठ वर्ग एकाच इमारतीत भरतात. मुलगी अठरापेक्षा लहान असेल तर पॉक्सो कायदा लागू होतो आणि ज्याला प्रकार कळला त्याला तो पोलिसांना कळवावाच लागतो. तिथं प्रकरण समितीपुरतं ठेवता येत नाही.

तक्रार लेखी हवी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि प्रकार वारंवार झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. उशीर का झाला याचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल, सुचत नसेल, तर समितीच्या सदस्यांनीच लिहायला मदत करायची आहे. मेसेज, कॉलचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवलेले बरे. रागानं डिलीट करून ब्लॉक करण्याआधी एवढं करावं.

आता सगळ्यात उपयोगाचा, आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. चौकशी सुरू असताना मुलीला समितीकडे अंतरिम दिलासा मागता येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो प्राध्यापक असेल, तर त्याला तिचे पेपर तपासण्यापासून, प्रॅक्टिकलचे किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देण्यापासून थांबवता येतं. त्यानं तिच्यापासून लांब राहावं असे आदेश देता येतात. तिला तीन महिन्यांपर्यंत सुट्टी देता येते. "सर गुण कापतील" ही भीती असलेल्या मुलीला हे आधी माहीत असेल तर निर्णय बदलू शकतो.

तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते, त्याला उत्तरासाठी दहा दिवस मिळतात आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून मुलीवर कारवाई होत नाही. ती मुद्दाम खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तरच होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि "गावातली माणसं आहेत, मिटवून घ्या" हा सल्ला? समेट करता येतो, पण तो मुलीनं स्वतः मागितला तरच. पैसे देऊन-घेऊन तर अजिबात नाही.

समितीनं घाई केली तर?

इथं गोव्याचं उदाहरण बघावं लागतं. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीनं चौकशी केली, विद्यापीठानं त्याला काढून टाकलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. कारण होतं सुनावण्या घाईघाईत उरकल्याचं आणि समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी न दिल्याचं.

चौदा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे समिती नुसती सहानुभूती असलेली असून भागत नाही, तिला चौकशी कशी करायची हेही यावं लागतं. नियमांत समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाचा आग्रह आहे तो यासाठीच. त्याच निकालात न्यायालयानं देशभरातल्या समित्यांची तपासणी करायला सांगितलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात कायद्यानुसार जिल्हा अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. तक्रार थेट संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध असेल तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जायचा मार्ग कायद्यात आहे.

छळ नाही, पण अडवणूक आहे

फी वरून कागदपत्रं अडकवून ठेवणं, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे न पाठवणं, निकालात घोळ, अशा गोष्टींसाठी विशाखा समिती नाही. त्यासाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा वेगळा टोल फ्री क्रमांक आहे.

पैशांचं म्हणाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. यात राहण्या-जेवणाचा खर्च येत नाही. भूम-परंड्याहून धाराशिवला खोली करून राहणाऱ्या मुलीचा मोठा खर्च तोच असतो. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थिनींना शासकीय वसतिगृह मिळालं नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिची रक्कम वर्षाला ४३ हजार रुपये ठरवलेली आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी आधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना. अर्जाच्या तारखा निघून गेल्यावर माहिती मिळते, ही यातली नेहमीची रड आहे.

लग्न झालं, बाळ झालं, तर?

या जिल्ह्यात हा प्रश्न अपवादाचा नाही. यूजीसीनं डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवलं की पदवी आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलींसाठीही प्रसूती रजेचे आणि हजेरीत सूट देण्याचे नियम करा. पीएचडी करणाऱ्या महिलांना तर २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. सातव्या महिन्यात "हजेरी भरत नाही, नाव काढून टाका" असं ऐकून घरी बसणाऱ्या मुलीनं प्राचार्यांना आधी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोचपावती घ्यावी.

समुपदेशनाचं काय?

यूजीसीच्या त्याच नियमांत प्रशिक्षित, पूर्णवेळ समुपदेशक हवा असं लिहिलं आहे. तालुक्याच्या कॉलेजात बहुतेकदा हे काम मानसशास्त्राच्या किंवा मराठीच्या मॅडमकडे तासांच्या मधल्या वेळेत येतं. त्या कितीही चांगल्या असल्या तरी त्याच अंतर्गत गुण देतात, हे मुलगी विसरत नाही. शिवाय कार्यक्रम दुपारी तीननंतर ठेवले की गावच्या शेवटच्या गाडीनं जाणाऱ्या मुली त्यातून आपोआप बाद. मुलींना संध्याकाळच्या कार्यक्रमाला, ग्रंथालयात थांबता यावं यासाठी भरवशाची वाहतूक हवी, हेही नियमांत आहे. वसतिगृहात मुलांना नसलेली बंधनं सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर घालू नयेत, हेसुद्धा.

ओळखीच्या माणसाशी बोलायचं नसेल तर टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. वकिलाची गरज पडली तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी धाराशिवच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती आहे. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करता येतो. मोबाइल घरात सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर कॉल झाल्यावर नंबर कॉल लॉगमधून काढायला विसरू नये.