कारखान्यानं अर्धवट सोडलेली गाडी
(लेखमाला : विजेवरची मालवाहतूक, लेखांक ६)

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या किराणा दुकानासाठी लष्करच्या दाल बाजारातून डाळ-साखर आणायची तर अंतर दहा किलोमीटरांच्या आतलंच. दिवसाला तीन-चार खेपा झाल्या, मधे मुरारची एखादी ऑर्डर पोचवावी लागली, तरी गाडीची फिरती साठ-सत्तर किलोमीटरांवर जात नाही. मागच्या लेखात आपण बॅटरीचं रसायन पाहिलं. या वेळी प्रश्न गाडीच्या आकाराचा आणि घडणीचा आहे. एवढ्या फिरतीला लहान, साधी, विजेवरची 'लोडिंग' गाडी लोकांना का खुणावते? स्वस्त पडते म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं. तिचं खरं बळ असं, की ती कारखान्यातून काहीशी अर्धवट बाहेर पडते आणि तिला पुरी करणं मालकाच्या हातात राहतं.

हे बळ विजेच्या आधीपासूनचं आहे. गिरीश वाघ यांच्या चमूनं पुण्यात घडवलेली टाटाची 'एस' मे २००५ मध्ये बाजारात आली. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरांचं डिझेल इंजिन, जेमतेम १६ अश्वशक्ती, आणि मागे पत्र्याचा उघडा हौदा. छोटा हाथी म्हणून ती गल्लोगल्ली पोचली, त्यात या उघड्या हौद्याचा वाटा मोठा आहे. भाजीवाला त्यावर अँगलचा सांगाडा उभा करून ताडपत्री ओढतो. पाण्याचे वीस लिटरचे जार नेणारा आडवे कप्पे करून घेतो, म्हणजे वळणावर जार एकमेकांवर आदळत नाहीत. काचवाल्याचं काम सगळ्यात नाजूक. तो हौद्याच्या मधोमध लाकडी घोडी बसवतो, तिच्या दोन्ही उतरत्या बाजूंना गोणपाट ठोकतो, काचा किंचित तिरप्या टेकवून दोरीनं आवळतो आणि खालच्या कडेला रबराची पट्टी घालतो. हे तिन्ही धंदे पुण्यात बसून कोणी इंजिनिअर आखू शकला नसता. त्यानं जागा मोकळी ठेवली, हेच शहाणपण.

वीज आली तेव्हा ही मोकळीक टिकेल का, अशी शंका होती. 'एस'ची विजेवरची आवृत्ती २०२२ मध्ये आली, आणि जून २०२५ मध्ये त्याहून लहान 'एस प्रो' पेट्रोल, सीएनजीसह पेट्रोल आणि वीज अशा तिन्ही रूपांत आली. विजेवरच्या 'प्रो'ची बॅटरी १४.४ युनिटांची, भारक्षमता ७५० किलो आणि कंपनीनं सांगितलेला पल्ला १५५ किलोमीटर. भरल्या गाडीला, उन्हाळ्यात, पडावच्या पुलावरच्या गर्दीत तो पुरता मिळणार नाही. शंभर धरला तरी थाटीपुरची फिरती भागते. मोठी बॅटरी म्हणजे जास्त किंमत आणि मालाऐवजी स्वतःचंच वजन वाहणं, म्हणून इथे लहान बॅटरी हा गुण ठरतो. योगायोग असा, की अमेरिकेतही मालकानं पुरी करायची अशीच गाडी पुढे आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये स्लेट कंपनीनं दाखवलेल्या पिकअपला दोन आसनं, हातानं फिरवायच्या काचा, आणि रंग न दिलेलं राखाडी अंग. पडदा नाही, स्पीकर नाही. हवा तो रंग फिल्मनं चढवायचा, आणि किट जोडून तिची पाच आसनी गाडी करायची.

किमतीचा आक्षेप खरा आहे. बाजारात आली तेव्हा पेट्रोलची 'प्रो' ३.९९ लाखांना होती, विजेवरची साडेसहा लाखांना. रोज सत्तर किलोमीटर, लिटरला अठरा किलोमीटर आणि विजेचं युनिट आठ रुपये धरलं, तर दिवसाला सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये वाचतात. म्हणजे हा फरक व्याज सोडून अडीच वर्षांच्या आसपास फिटतो. फिरती तीसच किलोमीटरांची असेल तर हे गणित फसतं, आणि अशा दुकानदारानं पेट्रोलचीच घ्यावी, हे मी निःसंकोच सांगेन. चार्जिंगचा आक्षेप मला तितका मोठा वाटत नाही. १५ अँपिअरच्या साध्या प्लगमधून तासाला तीनेक युनिटं भरतात, म्हणजे रात्र पुरते. अडचण त्याची, ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते आणि मीटर तिसऱ्या मजल्यावर असतो. त्याच्यासाठी वसाहतीतच सामाईक प्लग लागतील.

सगळ्यात गंभीर मुद्दा मात्र वेल्डिंगचा आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. डिझेलच्या हौद्यावर मिस्त्री बिनधास्त अँगल डकवायचा. विजेच्या गाडीत जवळच उच्च दाबाची बॅटरी आणि तिच्या तारा असतात. तिथे ठिणगी, उष्णता आणि वेल्डिंगचा प्रवाह तिन्ही धोक्याचे, शिवाय वॉरंटीवर पाणी पडायचं ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ देखील आहे: नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. यावर उपाय मिस्त्रीला हाकलण्याचा नाही. हौद्याच्या कडेला आणि तळाला कारखान्यानंच ठरावीक अंतरावर आटे पाडलेली भोकं द्यावीत, कुठे किती वजन टाकता येईल ते छापून द्यावं, आणि काचेची घोडी, जारचे कप्पे, ताडपत्रीचा सांगाडा अशा नेहमीच्या जोडण्यांना आधीच मान्यता मिळवून ठेवावी. मग मिस्त्रीला ठिणगी न पाडता, पान्यानं बोल्ट आवळून काम करता येईल, आणि भाजीचा हंगाम सरला की तोच सांगाडा उतरवून मालकाला दुसरा माल भरता येईल. ग्वाल्हेरच्या मेळ्यात वाहनं घ्यायला गर्दी होते ती रोड टॅक्सच्या सवलतीसाठी. तिथे विजेवरच्या लोडिंगसमोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकानं पल्ला विचारून झाला, की हौद्यात बोल्टची भोकं किती, हेही विचारावं.