गाडीचे ऑईल कसे बदलाल?

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण कर्ज काढून टॅक्सी चालवितात. गाडी बंद पडली की हप्ता थकतो, आणि घरची चूलही अडते. म्हणून इंजिन ऑईल वेळेवर बदललेच पाहिजे.

त्याच्या दोन रीती आहेत. एक, खालचा ड्रेन नट खोलून. दुसरी, गेजच्या नळीतून पंपाने ओढून. पंपाने गाडीखाली शिरावे लागत नाही. परंतु काही गाड्यांत तळाचे ऑईल गाळासह मागे राहते. नट खोलला तर गाळही बराच वाहून जातो. आम्ही हीच रीत पसंत करतो. इंजिन थोडे गरम करून बंद करावे. नटाचा वॉशर आणि फिल्टर नवा घालावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. जॅक सरकला तर जीव जातो.

घरी जमत नसेल तर गॅरेजमध्ये जावे, पण शेजारी उभे राहावे. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचा सीलबंद डबा आपल्यासमोरच उघडायला लावावा. तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. ज्यावर पोट चालते त्या गाडीची माहिती असणे, हेही शिक्षणच होय.

काढलेले काळे ऑईल गटारात ओतू नका. ते विषारी असते. डब्यात भरून जुने ऑईल रीतसर गोळा करणाऱ्याकडे द्या. आपल्या भाकरीसाठी दुसऱ्याचे पाणी नासू नये, सम्यक आजीविका ती हीच.