‘व्हिजन’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा व मराठी प्रतिशब्दांची निवड : तुर्भे येथील अणुसंशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची म्हणजेच नॅकची स्थापना १९९४ मध्ये झाली. तिच्या मूल्यांकनास सामोरे जाताना प्रत्येक महाविद्यालयाला आपले ‘व्हिजन’ व ‘मिशन’ लिहून द्यावे लागते. इंग्रजी मजकूर तयार होतो. मराठी फलक लिहिताना मात्र ‘दृष्टी’, ‘दूरदृष्टी’, ‘दृष्टिकोन’ यांपैकी कोणताही शब्द योजला जातो. हे शब्द समानार्थी नाहीत. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या प्रमुख अर्थांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ :
‘व्हिजन’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या ‘व्हिडेरे’ या लॅटिन क्रियापदापासून आला. संस्कृतमधील ‘विद्’ म्हणजे जाणणे हा धातू त्याच भारोपीय मुळाशी जोडला जातो. पाहणे आणि जाणणे यांचे नाते असे भाषेच्या मुळाशीच आहे. मराठीने मात्र पाहण्यासाठी ‘दृश्’ हा धातू स्वीकारला. दृष्टी, दृश्य, दर्शन, द्रष्टा इतकेच नव्हे, तर लहान मुलाला लागणारी ‘दृष्ट’ही त्याच कुळातील आहे.

चार प्रमुख अर्थ :
पहिला अर्थ डोळ्यांची पाहण्याची शक्ती हा होय. येथे ‘दृष्टी’ किंवा ‘नजर’ हे शब्द पुरेसे आहेत. अमेरिकेत वीस फुटांच्या मापाने जी नजर २०/२० ठरते, तीच आपल्याकडे सहा मीटरच्या मापाने ६/६ ठरते. दुसरा अर्थ अलौकिक अनुभवाचा. त्यासाठी ‘दर्शन’ अथवा ‘साक्षात्कार’ हे शब्द रूढ आहेत. तिसरा अर्थ पुढचे ओळखण्याच्या गुणाचा, म्हणजेच ‘दूरदृष्टी’. चौथा अर्थ भविष्यातील इष्ट स्थितीच्या शब्दबद्ध चित्राचा. संस्थांच्या कागदपत्रांत हाच अर्थ अभिप्रेत असतो.

एकच शब्दप्रयोग किती भिन्न अर्थांनी येतो, याचे उत्तम उदाहरण ‘व्हिजन २०२०’ हे आहे. जागतिक आरोग्य संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी १९९९ मध्ये टाळता येण्याजोग्या अंधत्वाच्या निर्मूलनासाठी याच नावाने मोहीम सुरू केली. तेथे पहिला अर्थ आहे. भारताच्या नियोजन आयोगाने २००२ मध्ये ‘इंडिया व्हिजन २०२०’ हा अहवाल सिद्ध केला. तेथे चौथा अर्थ आहे. दोन्ही ठिकाणी २०२० हे वर्ष असले, तरी निर्दोष नजरेच्या २०/२० या मापाचा श्लेष इंग्रजी वाचकाला सहज जाणवतो. मराठीत तो उतरत नाही.

तुर्भ्याचा दाखला :
तिसऱ्या व चौथ्या अर्थांतील भेद तुर्भे येथील अणुसंशोधनाच्या इतिहासावरून स्पष्ट होतो. डॉ. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. काही दशकांत अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्याचा आशय होता. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडण्यास तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ होता. हे पत्र लिहिणाऱ्याच्या ठायी ‘दूरदृष्टी’ होती. पत्रात जे मांडले गेले ते ‘भविष्यचित्र’ होते. गुण व्यक्तीचा, चित्र कागदावरचे.

त्या चित्राला पुढे कृतीची जोड मिळाली. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९५७ मध्ये तेथे प्रशिक्षण शाळा सुरू झाली आणि तज्ज्ञ घडविण्याची कायमची व्यवस्था उभी राहिली. १९६९ मध्ये तारापूरची वीज मिळू लागली. तो प्रकल्प अमेरिकी सहकार्याने उभारला होता, अप्सरेचे इंधनही ब्रिटनमधून आले होते. म्हणजे भविष्यचित्र हे भविष्यकथन नव्हे. ते तंतोतंत खरे ठरावे लागत नाही. त्याने कामाला दिशा द्यावी लागते.

इंग्रजीतील ‘व्हिजनरी’ हा शब्दही दुधारी आहे. तो द्रष्ट्याला लागू पडतो, तसाच मनोराज्यात रमणाऱ्यालाही. मराठीतील ‘द्रष्टा’ हा शब्द मात्र केवळ गौरवाचा आहे. दोघांमधील फरक तुर्भ्याच्या प्रशिक्षण शाळेसारख्या प्रत्यक्ष पावलांनी ठरतो.

निष्कर्ष :
महाविद्यालयाच्या फलकावर ‘आमची दूरदृष्टी’ असे लिहिणे म्हणजे स्वतःच्याच गुणाची प्रशस्ती होय. ‘टेलिव्हिजन’साठी ‘दूरचित्रवाणी’ हा शब्द घडविताना मराठीने ‘व्हिजन’मधील ‘चित्र’ हा अंश नेमका टिपला होता. त्याच धर्तीवर संस्थेच्या ‘व्हिजन’साठी ‘भविष्यचित्र’ व ‘मिशन’साठी ‘अंगीकृत कार्य’ हे प्रतिशब्द योजणे अधिक सयुक्तिक ठरेल. शब्द बदलल्याने प्रश्नही बदलतो. ‘दूरदृष्टी’ वाचून कोणी काही विचारीत नाही. ‘भविष्यचित्र’ वाचणारा विद्यार्थी मात्र विचारू शकतो, की या चित्रात माझे स्थान कोणते आणि तेथवर पोहोचण्यासाठी महाविद्यालयाने यंदा काय केले?