उत्तराचं बटण काढून टाकल्यावर

१८ मार्च २०१४च्या रात्री तैपेईत विद्यार्थी तैवानच्या संसदेत शिरले. आदल्या दिवशी संसदेच्या एका समितीच्या अध्यक्षांनी चीनबरोबरच्या सेवा-व्यापार कराराची छाननी पूर्ण झाल्याचं जेमतेम ३० सेकंदांत जाहीर करून टाकलं होतं. कलमागणिक चर्चा होईल हा शब्द हवेत विरला. मुलांनी सभागृहाची दारं खुर्च्या रचून अडवली आणि १० एप्रिलपर्यंत ती तिथून हलली नाहीत. कुणीतरी सूर्यफुलं आणून दिली, म्हणून ते सूर्यफूल आंदोलन.

त्या गर्दीत केबलची भेंडोळी घेऊन फिरणारी काही माणसं होती. ‘गव्ह झीरो’ नावाचा हा संगणकवाल्यांचा स्वयंसेवी गट, २०१२पासूनचा. आत काय चाललंय ते बाहेरच्यांना जसंच्या तसं दिसावं म्हणून त्यांनी थेट प्रक्षेपणाची सोय केली. ऑड्री टँग त्यांच्यातल्याच, पुढे २०१६मध्ये मंत्री झालेल्या. तैवानमध्ये निळे आणि हिरवे असे दोन राजकीय तट आहेत, आणि ती फाळणी घराघरांतून गेलेली आहे. त्यामुळे रस्त्यावरची मुलं घरी परतल्यावर बोलायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न आंदोलनापेक्षा मोठा होता.

डिसेंबर २०१४मध्ये जॅकलिन त्साय या मंत्री स्वतः या गटाच्या हॅकेथॉनला आल्या आणि म्हणाल्या, लोकांना शांतपणे चर्चा करता येईल असं काहीतरी तुम्ही बांधून द्या. सरकारातल्या माणसाने आंदोलकांच्या दारी जाऊन मदत मागावी, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वांत दुर्मीळ पाऊल वाटतं. त्यातून २०१५मध्ये ‘व्हीतैवान’ उभं राहिलं. चर्चेसाठी त्यांनी घेतलं ‘पोलिस’ नावाचं साधन. आपल्या खाकीशी त्याचा संबंध नाही. सिएटलच्या कॉलिन मेगिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते तयार केलं होतं.

हे साधन उघडल्यावर काय दिसतं? एक विधान, फार तर १४० अक्षरांचं. त्याखाली तीन पर्याय: सहमत, असहमत, सध्या पुढे. बस. त्या विधानाला उत्तर द्यायला जागाच नाही. कितीही राग आला तरी ‘तुम्हाला काय कळतं’ असं लिहिता येत नाही. पटत नसेल तर स्वतःचं वेगळं विधान लिहायचं, मग त्यावर बाकीचे आपला कौल देतात. आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे नकाशा. सारखे कौल देणारी माणसं जवळ, वेगळे कौल देणारी लांब, आणि त्यात आपला ठिपका. हा नकाशा काढायचं गणित काही नवं नाही, कार्ल पिअर्सन यांनी १९०१मध्येच ते मांडलं होतं. नवं आहे ते हे की कुठल्या विधानाला सर्वाधिक लाइक्स मिळाले याला इथे किंमत नाही. दोन्ही घोळक्यांना जे पटलं ते वर येतं.

२०१५च्या उन्हाळ्यात उबरचा वाद पेटला होता. टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले होते. परवाना, विमा, कर यातलं काही न पाळता हे लोक आमच्या पोटावर पाय देतात, असं त्यांचं म्हणणं. उलट प्रवासी म्हणत, गाडी स्वच्छ येते, भाडं आधी कळतं. चार आठवडे ‘पोलिस’वर कौल घेतले गेले. सुरुवातीला नकाशावर उबरच्या बाजूचे आणि टॅक्सीच्या बाजूचे असे दोन घोळके स्पष्ट दिसत होते. पण आपलं विधान वर यायचं तर पलीकडच्यांनाही ते पटायला हवं, हे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं आणि भाषा बदलत गेली. ‘उबर हाकला’ आणि ‘टॅक्सीवाले लुटारू’ मागे पडलं. प्रवाशाची सुरक्षितता, विमा, चालकाला योग्य परवाना यांवर विधानं येऊ लागली. या निमित्ताने सरकारने टॅक्सी व्यवसायाला आपली सेवा उबरइतकी चांगली करायला भाग पाडावं, या आशयाच्या विधानाला सगळ्या गटांतून ९५ टक्के पाठिंबा मिळाला. मग ऑगस्टमध्ये परिवहन खातं, उबर आणि टॅक्सी संघटना यांना समोरासमोर बसवलं, तेही थेट प्रक्षेपणात.

२०१६मध्ये ‘बहुविध टॅक्सी’ची योजना आली. तैवानची टॅक्सी पिवळीच असायला हवी हा दंडक सैल झाला. ॲपवरून आरक्षण घेणाऱ्या गाडीला दुसरा रंग चालू लागला. पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मोठ्या दंडांनंतर फेब्रुवारी २०१७मध्ये उबरने तिथली सेवा थांबवली आणि एप्रिलमध्ये गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना हाताशी धरून ती परत आली. माणसांचे हितसंबंध नकाशा काढून वितळत नाहीत. नेमकं कशावर भांडायचं आणि कशावर भांडायची गरजच नाही, एवढं मात्र उलगडतं, आणि ही काही थोडी कमाई नव्हे.

विरोधी मत कानांवर पडलं की माणूस मवाळ होतो, असा आपला सर्वांचा समज असतो. ड्यूक विद्यापीठाचे ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकनांना त्यांनी पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूच्या मजकुराचं खातं फॉलो करायला लावलं. २०१८मध्ये निष्कर्ष छापून आला: रिपब्लिकन लोक आधीपेक्षा अधिक कडवे झाले होते. डेमोक्रॅटही किंचित आपल्याच बाजूला सरकलेले दिसले, पण तो फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. पलीकडचा आवाज नुसता कानांवर आदळला तर कवच जाड होतं. तो कुठल्या रूपात आपल्यापर्यंत येतो, त्यावर सगळं अवलंबून आहे.

ट्विटरनेच पुढे या दिशेने एक प्रयोग केला. जानेवारी २०२१मध्ये ‘बर्डवॉच’ म्हणून सुरू झालेली ती सोय आता ‘कम्युनिटी नोट्स’ नावाने ओळखली जाते. एप्रिल २०२४मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ती भारतातही आली. एखाद्या पोस्टखालची टीप सर्वांना दिसायची तर एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा लोकांनी ती उपयुक्त ठरवावी लागते. एकाच बाजूच्या हजार माणसांनी रेटा लावला तरी ती वर येत नाही. मात्र त्यामुळेच असंख्य टिपा कधीच दिसत नाहीत, आणि वादग्रस्त खोटं तोवर गावभर फिरून आलेलं असतं.

व्हीतैवानचीही ताकद ओसरली. २०१८पर्यंत २६ विषय तिथे हाताळले गेले, त्यातल्या बहुतेकांवर सरकारने काही ना काही पाऊल उचललं. पण सरकारवर ते बंधनकारक कधीच नव्हतं आणि स्वयंसेवक किती वर्षं पदरमोड करणार? सरकारच्या स्वतःच्या ‘जॉइन’ या व्यासपीठावर निदान एवढं आहे की ५००० जणांनी सही केली की संबंधित खात्याला उत्तर द्यावंच लागतं. मला वाटतं, ऐकणाऱ्याने आधी शब्द दिलेला नसेल तर कुठलंही साधन म्हणजे कुणीच न उघडणारी टपालपेटी.

हे वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा घरचा ग्रुप होता. ३४ माणसं. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली त्या आठवड्यात काका आणि माझ्या आतेभावात जुंपली. रात्री पावणेबाराला काका ग्रुप सोडून गेले. ती करड्या अक्षरांतली ओळ सगळ्यांनी वाचली, पण कुणीच काही लिहिलं नाही.

यंदा गणपतीत मी सर्वांकडून एकेक विधान मागवलं. लिहिणाऱ्याचं नाव काढून ती सगळी प्रत्येकाला वेगवेगळी पाठवली: सहमत, असहमत, पुढे. पक्ष सोडून जाणाऱ्या आमदाराने आधी राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावं, या विधानाला काकांनी ‘सहमत’ म्हटलं होतं. ते आतेभावाचं होतं. मी ते दोघांनाही सांगितलेलं नाही.

काका ग्रुपवर परतलेले नाहीत. पण दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला, “माझं अजून एक घाल रे त्यात.” पाठवलं ते पानभर होतं. म्हटलं, काका, १४० अक्षरांत बसवा. त्यांना दोन दिवस लागले.