पाइपचा गॅस आला, पण सवयी बदलल्या का?

सिलिंडर संपला की घरात उडणारी धांदल आता अनेक शहरांतून मागे पडत चालली आहे. मुंबई, पुणे, इंदूर, वडोदरा, दिल्ली यांसारख्या शहरांत नळाला पाणी यावे तसा पाइपमधून नैसर्गिक गॅस थेट स्वयंपाकघरात येतो. नंबर लावायला नको, सिलिंडरची वाट पाहायला नको. गृहिणीचा मोठाच ताप वाचला.

मात्र या सोयीबरोबर एक चांगली सवय नकळत सुटते. सिलिंडर होता तेव्हा रात्री ओटा पुसून झाला की रेग्युलेटर बंद केला जाई. पाइपचा गॅस आल्यावर सिलिंडर नजरेआड झाला आणि ती सवयही गेली. कित्येक घरांत व्हॉल्व्ह महिनोन् महिने उघडाच असतो. सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस निदान कधीतरी संपतो. पाइपमधला गॅस मात्र कोणी व्हॉल्व्ह बंद करीपर्यंत येतच राहतो.

दोन गॅस, दोन स्वभाव

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो आणि छताजवळ जमतो. वर वाट मिळाली तर तो बाहेर निघून जातो. म्हणूनच पाइपचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूचा झरोका मोकळा असणे फार महत्त्वाचे आहे. कबुतरे येतात, धूळ येते म्हणून आपण तो पुठ्ठा लावून बुजवून टाकतो. त्याऐवजी जाळी बसवा, पण वाट बंद करू नका.

हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. बंदिस्त जागेत हे प्रमाण लवकर गाठले जाते. स्वयंपाकघर नवे करताना गॅसची पाइप आणि मीटर लाकडी कपाटात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लपवण्याचा मोह होतो तो याचसाठी टाळावा. दिसायला थोडे कमी सुंदर चालेल, पण पाइप उघडी हवी आणि व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोहोचायला हवा.

तो वास मुद्दाम दिलेला असतो

नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी एका शाळेखालच्या बंदिस्त पोकळीत गळलेला गॅस साचला होता. वास नसल्याने कोणाला पत्ताच लागला नाही. स्फोटात सुमारे ३०० मुले व शिक्षक दगावले. त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे होत गेले. आपल्याकडेही गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळलेले असते. तेव्हा हा वास म्हणजे धोक्याची घंटा समजा, उदबत्ती लावून तो घालवू नका. बराच वेळ वासात राहिले की नाकाला तो जाणवेनासा होतो, हेही लक्षात असू द्या.

वास आला तर काय कराल?

● सर्वप्रथम शेगडी व व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्हचा दांडा पाइपला समांतर असेल तर गॅस चालू आणि आडवा असेल तर बंद.
● खिडक्या, दारे उघडा.
● विजेचे कोणतेही बटण दाबू नका. दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. एग्झॉस्ट फॅनही लावू नका.
● सर्वांना घेऊन बाहेर पडा. शेजाऱ्यांची बेल वाजवू नका, दार ठोठवा.
● बाहेर गेल्यावरच गॅस कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक बिलावर असतो. तो आजच मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावा आणि घरातल्यांच्या मोबाइलमध्येही नोंदवून ठेवा.

देखभाल अशी ठेवा

शेगडीला जोडलेली रबरी नळी हा सर्वांत नाजूक भाग. आतून तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची नळीच वापरा. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि बर्नरखालून किंवा कपाटाच्या भोकातून ओढून घेऊ नये. नळीवर छापलेली मुदत पाहा आणि भेगा दिसल्या तर मुदतीआधीच बदलून घ्या. गळतीची शंका असेल तर सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बंद करून कंपनीला कळवा. काडी पेटवून कधीही तपासू नका.

पाइपवर ओले कपडे, पिशव्या टांगू नका. पाइप वळवायची किंवा सरकवायची असेल तर ओळखीच्या प्लंबरकडून नव्हे, कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या.

पाइपच्या गॅससाठी शेगडीतले नोझल बदलावे लागते. त्याचे भोक एलपीजीच्या नोझलपेक्षा मोठे असते. त्यामुळे बदली होऊन गावी गेलात आणि तीच शेगडी सिलिंडरला जोडली, तर ज्योत भलतीच मोठी होईल. आधी नोझल बदलून घ्या. ज्योत निळी असावी. ती सतत पिवळी दिसत असेल, भांडी काळी होत असतील, तर बर्नर साफ करा किंवा मेकॅनिकला बोलवा.

गॅस गीझर असेल तर

गीझर बंद न्हाणीघरात बसवू नका. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि मर्कॅप्टनही इथे उपयोगी पडत नाही, कारण ते ज्योतीत जळून गेलेले असते. आंघोळ करणाऱ्याला आधी गुंगी येते आणि मदतीला हाक मारायचेही त्राण उरत नाही. गीझर मोकळ्या हवेच्या जागी, न्हाणीघराबाहेर हवा.

शेवटी, हे एकट्या गृहिणीचे काम नव्हे. दूध उतू जाऊन ज्योत विझते तेव्हा ओट्याजवळ आजी असू शकते, शाळेतून आलेली मुलगी असू शकते किंवा कामवाल्या बाईही. या सगळ्यांना व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा हे एकदा हाताने करून दाखवा. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी, तसेच गावाला निघताना, व्हॉल्व्ह बंद करण्याची जुनी सवय पुन्हा लावून घ्या.