ताडोबाच्या वाटेवरचें ओझें

चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाचें अरण्य १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें सहकुटुंब जाण्याचें ठरलें कीं घरांत प्रथम मोठ्या पेट्या निघतात. आम्हीही पांच माणसांसाठीं तीन पेट्या व एक वळकटी नेली होती. परंतु अरण्यांत फिरावयाचें तें उघड्या जीपगाडींतून. सहा प्रवासी दाटीनें बसल्यावर सामान ठेवावें कोठें? सारें बिऱ्हाड उतरण्याच्या जागींच राहिलें, आणि पहांटे मुलें थंडीनें कुडकुडलीं. कारण एकुलती घोंगडी पेटीच्या तळाशीं!

हिवाळ्यांत सूर्योदयापूर्वीं धांवत्या गाडींत वारा बोचतो आणि दहा वाजतां स्वेटरही नकोसा होतो. म्हणून एका जाड कोटापेक्षां सदरा, स्वेटर व शाल एकावर एक घालावीं. ऊन चढेल तसें एकेक उतरवितां येतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां लोकरीची जागा पाण्याच्या बाटल्यांस द्यावी. कपडे मातकट रंगाचे असले कीं धूळ दिसत नाहीं व दोन जोड पुरतात. नोंदणीच्या वेळचें ओळखपत्र मात्र विसरूं नये. दुर्बीण घरटी एकच पुरे. पाळीवरून मुलें भांडतात खरीं, पण तेथें तींही दबक्या आवाजांत!