वालूरच्या मतदारांचे पहिले मुख्यमंत्री कोण? यशवंतराव नव्हे!

परभणी जिल्ह्यातील वालूरमध्ये (ता. सेलू) १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ज्यांनी मत दिले, त्यांचे मुख्यमंत्री मुंबईत नव्हे, हैदराबादेत बसत. नाव बुर्गुला रामकृष्ण राव. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतल्या मुलांनाही हे नाव चटकन सांगता येणार नाही.

असे का?

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, पण हैदराबाद राज्य लगेच मोडले नाही. आधी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी अंमल आला, मग सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी. दोघेही नेमलेले. रामकृष्ण राव मात्र मार्च १९५२ मध्ये निवडणुकीतून आले आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, साडेचार वर्षांहून जास्त टिकले. मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे त्यांच्या सरकारखाली होते. मातृभाषा तेलुगू, पण शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात; मराठीही येत होती. म्हणजे अगदी परका माणूस नव्हे.

मग विसर का पडला? अमेरिकेत रोडिगर आणि डिसोटो या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना राष्ट्राध्यक्षांची नावे आठवायला सांगितली. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला निष्कर्ष असा : पहिले काही, अलीकडचे काही आणि मधले लिंकन आठवतात, बाकीचे बहुतेक गळतात. आपले पी. के. सावंत असेच गळाले. मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर १९६३ मध्ये जेमतेम दहा दिवस ते मुख्यमंत्री होते.

रामकृष्ण रावांची गोष्ट वेगळी. ते मधले नाहीत, पहिले आहेत. पण ज्या यादीत पहिले, ती यादीच १ नोव्हेंबर १९५६ ला बंद झाली. राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्राची यादी तर १९६० पासूनच मोजतात. 'मराठवाड्याचे पहिले मुख्यमंत्री' म्हणून शंकरराव चव्हाणांचे नाव येते तेही बरोबर, पण तो प्रश्न मराठवाड्यातून गेलेल्या नेत्याचा आहे, मराठवाड्यावर कारभार केलेल्याचा नाही.

रामकृष्ण राव पुढे केरळ आणि उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, १९६७ मध्ये वारले. हैदराबादेत त्यांच्या नावाचे बीआरके भवन आहे. २०१९ मध्ये तेलंगणाचे सचिवालय काही काळ तिथेच हलवले होते.

आणि मराठवाड्यात? आरक्षणाच्या वादामुळे 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द मोबाइलवर घरोघरी पोहोचला, पण ते निजामकाळाचे. रामकृष्ण रावांच्या काळाची खूण शोधायची तर कुळाच्या जमिनीचे प्रकरण उघडावे लागते. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा. त्यात संरक्षित कुळाला जमिनीची मालकी देणारे कलम ३८-ई घातले गेले ते १९५४ च्या दुरुस्तीने, त्यांच्याच सरकारात. अंमलाची बरीच वर्षे मात्र मुंबईच्या राजवटीत गेली, त्यामुळे श्रेयही तिकडेच वळले. परभणीच्या महसुली निकालांत कायद्याचे नाव अजून 'हैदराबाद' असेच लिहिले जाते.